माझी पहिली शर्यत: मुलुंड ते इरुंगट्टुकोट्टै

एकोणचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा मोटारींच्या शर्यतीत उतरले, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर. तीन दिवसांत मिळून गाडी चालवली ती जेमतेम सव्वा तास. बाकीच्या वेळात कुणी ना कुणी मला, माझ्या हेल्मेटला नाहीतर गाडीला तपासत होतं. जाण्याआधी मला वाटायचं, हे तपासण्यांचं एकदाचं उरकलं की खरी शर्यत सुरू. आता तसं वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझे वडील, अप्पा, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये अठ्ठावीस वर्षं कामाला होते. घरी एक जुनी पद्मिनी होती. दोन-तीन महिन्यांतून एखाद्या रविवारी नेहरूनगरला बिल्डिंगखाली ते ब्रेकची हवा, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा, काढायला घ्यायचे आणि पेडलवर मला बसवायचे. मी नऊ-दहा वर्षांची. पाय पुरायचा नाही म्हणून स्टिअरिंगला धरून सीटच्या अगदी कडेवर यायचे. गाडीखालून आवाज यायचा, "मार... मार... मार... धर. सोडू नको हां." मग पायाखालचं पेडल आपोआप खोल जायचं, खाली पाना फिरल्याचा आवाज व्हायचा आणि अप्पा म्हणायचे, "आता सोड." चारही चाकांना हेच. शेवटी पेडल दगडासारखं टणक झालं की मला खूप मोठं काम केल्यासारखं वाटायचं.

2005 साली नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये गेला तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे नोकरी लागली, स्वतःची गाडी घेतली आणि काही महिने मी रात्री उशिरा ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर जे करायला नको ते केलं. विक्रोळीच्या पुलापासून मुलुंड चेकनाक्यापर्यंत, दुसऱ्या एका गाडीशी चढाओढ. अप्पांना कळलं. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "रस्त्यावर समोरून येणारा माणूस तुझ्या शर्यतीत नसतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं." मी ते थांबवलं, पण हौस गेली नाही. वडाळ्याच्या कार्टिंग ट्रॅकवर जात राहिले. मुंबईत मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक नाही. एवढ्या मोठ्या शहरात नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

भारतात या खेळाचा कारभार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया पाहते. सगळे एफएमएससीआय म्हणतात. त्यांचं स्पर्धेचं लायसन्स नसेल तर ट्रॅकवर उभंही करत नाहीत. मी नवखी, त्यामुळे आधी शर्यतीच्या शाळेत प्रशिक्षण, मग वैद्यकीय तपासणी. आमच्या मुलुंडच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, डोळे तपासले, रक्तगट लिहिला आणि फॉर्म पुन्हा वाचून विचारलं, "हे नक्की तुमच्यासाठीच आहे ना?"

शाळेत पहिल्यांदा मोडली ती मुंबईची सवय. आपल्याकडे पाय कायम ब्रेकवर तरंगत असतो. पुढच्याचा दिवा लागला की थोडा दाब, रिक्षा घुसली की थोडा दाब. ट्रॅकवर ब्रेक एकदाच मारायचा, तो सुरुवातीला पूर्ण ताकदीने, आणि वळणात शिरताना हळूहळू सोडत जायचं. मारण्यापेक्षा सोडणं अवघड. एकदम सोडलात तर पुढच्या टायरांवरचा भार उडतो आणि गाडी वळायचं नाकारते. शिवाय नजर पुढच्या गाडीच्या बंपरवर ठेवायची नाही, जिथे जायचंय तिथे ठेवायची. हे ऐकायला सोपं आहे. माझ्या अंगात उतरायला पूर्ण दोन दिवस लागले.

चेन्नईजवळच्या एका टीमकडून शर्यतीसाठी तयार केलेली जुनी मारुती एस्टीम शनिवार-रविवारपुरती भाड्याने घेतली. अप्पा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. "मी येणार," एवढंच म्हणाले. बुधवारी रात्री दादरला मेल पकडली. हेल्मेट सामानात ठेवायला मन होईना, ते मांडीवर घेऊन बसले. गुरुवारी रात्री चेन्नई.

आमच्या ठाण्या-पनवेलकडून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 48 पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करत शेवटी चेन्नईला पोचतो आणि इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक त्याच रस्त्यालगत आहे. शुक्रवारी सकाळी टॅक्सीतून 48 ची पाटी दिसली आणि घराजवळच असल्यासारखं वाटलं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब 1953 चा. आधी त्यांच्या शर्यती शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. हा ट्रॅक 1990 मध्ये सुरू झाला. लांबी 3.717 किलोमीटर, वळणं 12. वळणांना नावाऐवजी आकडे: सी-वन, सी-टू असे.

शुक्रवारी पहिलं काम तपासणी, म्हणजे स्क्रूटिनी. सीटला बांधून ठेवणारे पट्टे, पट्ट्यांवरची मुदत, आतला लोखंडी पिंजरा, अग्निशामक, बॅटरी तोडायचा बाहेरचा स्विच, ओढून न्यायच्या हुकावरचा बाण. मग माझी पाळी. मोटारसायकलचं हेल्मेट इथे चालत नाही. मोटारशर्यतीच्या हेल्मेटची आगीचीही चाचणी झालेली असते. सूट न जळणाऱ्या कापडाचा, छातीवर नाव आणि रक्तगट. तपासनीसांनी माझे मोजे बघितले आणि बदलायला लावले. नायलॉन होतं त्यात. म्हणाले, आगीत नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. अप्पांनी बॅगेतून स्वतःचे सुती मोजे काढून दिले आणि मी तीनही दिवस तेच घातले. हेल्मेटवर छोटा स्टिकर लागला तेव्हा कुठे आत जाता आलं.

दुपारचा सराव वीस मिनिटांचा. पहिले चार फेरे मजेत गेले. पाचव्या फेरीत सरळ पट्ट्याच्या टोकाला, सी-वनच्या आधी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. सहाव्या फेरीत आणखी खोल. दोनदा पंप केल्यावर गाडी थांबली, पण वळण हुकलं आणि मी मातीत गेले. काही लागलं नाही. सावकाश पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, आणली. पाय थरथरत होता.

कारण अप्पांनी पेडल दाबूनच सांगितलं: "ऑइल जुनं आहे." ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट-फोर दर्जाचं ताजं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळायला नको, पण पाणी शिरलं की हाच आकडा 155 पर्यंत उतरतो. शहरात ते कधी लक्षात येत नाही. शर्यतीत डिस्क इतक्या तापतात की ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. आपण दाबतो ते बुडबुडे, ब्रेक नव्हे. टीमने ऑइल बदललं नव्हतं. मला राग आला, आणि तो मी बोलून दाखवला. पण मीही विचारलं नव्हतं, हे तितकंच खरं.

टीमच्या मुख्य मेकॅनिकना सगळे अण्णा म्हणत. त्यांना हिंदी येत नव्हतं, मला तमिळ. त्यांनी चाकं काढली, ब्रेकच्या निपलला, म्हणजे ऑइल बाहेर काढायच्या बारीक तोटीला, पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडलं आणि मला सीटवर बसायची खूण केली. खालून आवाज आला, "अमुक्कु... अमुक्कु... अमुक्कु... पुडि." माझ्या पायाला अर्थ लगेच कळला. मी दाबून धरलं. पेडल आपोआप खोल गेलं. "विडु." सोडलं. अप्पा नळीजवळ उकिडवे बसले होते. आधी चहासारखं काळपट ऑइल आलं, त्यात बारीक बारीक बुडबुडे. मग बुडबुड्यांमधलं अंतर वाढत गेलं. अप्पांनी बोट वर केलं की अण्णा पुन्हा "अमुक्कु" म्हणायचे. दोघांमध्ये एक शब्द सारखा नव्हता आणि तासभर त्यांचं काही अडलं नाही. शेवटी नळीत पिवळसर, काचेसारखं स्वच्छ ऑइल उतरलं आणि पेडल टणक झालं. तीस वर्षांनी पायाखाली तोच टणकपणा लागला.

शनिवारी सकाळी पुन्हा सराव, दुपारी पात्रता फेरी, पंधरा मिनिटांची. यातल्या सगळ्यात चांगल्या वेळेवरून शर्यतीत कोण कुठे उभं राहणार ते ठरतं. चूक इथे झाली आणि ती पूर्णपणे माझी. एका वळणाबाहेर एक गाडी गरगरून मातीत थांबली होती. पिवळा झेंडा हलत होता. पिवळा म्हणजे धोका: वेग कमी करा, कुणालाही ओलांडू नका. मला झेंडा दिसला होता. पण पुढच्याने वेग कमी केला आणि मोकळी जागा दिसताच माझा हात वळला. मी त्याला ओलांडलं.

संध्याकाळी क्लार्क ऑफ द कोर्सच्या, म्हणजे शर्यत चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्यांच्या, खोलीत बोलावलं. माझ्याच गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण त्यांनी दाखवलं आणि शांतपणे विचारलं, "झेंडा दिसला होता?" मी हो म्हणाले. माझी सगळ्यात चांगली वेळ रद्द झाली. चौदा गाड्यांत चौदावी जागा.

बाहेर आले तर त्याच वळणावर झेंडा दाखवणारी मार्शल समोर उभी, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. हे मार्शल स्वखुशीने येतात, दिवसभर उन्हात उभे राहतात. ती रागावलेली नव्हती. कामाची रीत समजावून द्यावी तसं म्हणाली, "आम्ही जोडीने असतो. तुम्ही आलात तेव्हा माझा जोडीदार अग्निशामक घेऊन त्या गाडीपाशी पोचला होता. त्याची पाठ तुमच्याकडे होती. तुम्ही येताय हे त्याला फक्त माझ्या झेंड्यावरून कळणार होतं." मला बोलता येईना. हायवेवरचा समोरून येणारा माणूस आठवला. इथे तो माणूस झेंडा घेऊन मुद्दाम उभा केलेला असतो, आणि मी त्याचंही ऐकलं नव्हतं. मी तिची माफी मागितली. रात्री झोप लागली नाही.

रविवारी आठ फेऱ्यांची शर्यत. सगळ्यांत मागे उभी असल्याने पुढच्या तेरा गाड्या दिसत होत्या. पाच मिनिटांचा फलक, तीन, एक, मग तीस सेकंद. मेकॅनिक बाजूला झाले. गाड्या एक फेरी सावकाश फिरून परत आपापल्या चौकटीत. पाच लाल दिवे एकेक करून लागले आणि सगळे एकदम विझले. पहिल्या दोन फेऱ्यांतलं मला फारसं आठवत नाही. धूळ, कुणाच्या तरी टायरचा वास, हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास. एक गाडी गरगरली, एक पिटमध्ये गेली. मी बारावी.

चौथ्या फेरीत सी-वनला पुढच्या गाडीने माझ्याआधी ब्रेक मारला. मी आणखी थोडी थांबले, मग पूर्ण ताकदीने दाबलं. पेडल जिथे असायला हवं तिथेच होतं. आतल्या बाजूने शिरले आणि वळणातून पुढे बाहेर पडले. अकरावी. तो एक सेकंद मला कुणाला नीट सांगता येत नाही.

सहाव्या फेरीत पुन्हा पिवळा झेंडा. पुढची गाडी इतकी जवळ होती की पुढच्या वळणाला ती मिळाली असती. मी पाय काढला. मातीत एक गाडी आडवी, तिच्याकडे नारिंगी कपड्यातलं कुणीतरी वाकून धावत होतं. पुढच्या चौकीवर हिरवा दिसेपर्यंत मी तशीच गेले. ती गाडी लांब गेली आणि पुन्हा हाती लागली नाही. शेवटच्या फेऱ्या सव्वादोन मिनिटांच्या आसपास झाल्या आणि चौकडीचा झेंडा पडला तेव्हा मी अकरावीच होते. परतीच्या सावकाश फेरीत प्रत्येक चौकीवरचे मार्शल हात हलवत होते. मीही प्रत्येकाला हात केला.

शर्यतीनंतर गाड्या पार्क फर्मेमध्ये लावतात. तपासणी संपेपर्यंत तिथे कुणीही गाडीला हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा नाही. अप्पा फितीपलीकडे उभे होते. लांबचा प्रवास झाला की प्रत्येक चाकाला हात लावून बघायची त्यांची जन्माची सवय आहे, कुठला ब्रेक धरतोय का ते कळायला. ते दोनदा पुढे झाले आणि दोनदा एका मुलाने त्यांना नम्रपणे थांबवलं. अर्ध्या तासाने फीत काढली. अप्पा वाकले, पुढच्या डाव्या चाकाजवळ उलटा तळवा नेला, मग उजव्या चाकाजवळ, मग पुन्हा डाव्या.

"दोन्ही सारखेच तापलेत," ते अण्णांकडे बघून म्हणाले, मराठीतच. अण्णांनी मान हलवली.