तुम्ही विचारलंत म्हणून: वाळवंटच का?

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बर्फाची शिखरं आणि निळी तळी उभी राहतात. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे ४,२६५ किलोमीटरची ही पायवाट. मी चालले तो तिचा फक्त पहिला तुकडा, कॅम्पो ते केनेडी मेडोज, अकराशे किलोमीटरच्या आसपास, दक्षिण कॅलिफोर्नियाचा कोरडा मुलूख. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा जरा पडतो आणि ठरलेला प्रश्न येतो: "सगळं सुंदर सोडून नेमकं वाळवंटच का?"

आधी एक गैरसमज काढून टाकते. वाळूच्या टेकड्या तिथे जवळपास नाहीतच. आहेत ते दगड, काटेरी झुडपं आणि डोंगर. सॅन हासिंटोच्या अंगावर वसंतातही बर्फ असतो. तिथून वाट दोन हजार मीटरहून जास्त खाली उतरते आणि सॅन गोर्गोनियोच्या खिंडीत आणून सोडते. सकाळी हातमोजे, आणि एक-दोन दिवसांनी त्याच हातांना उन्हाचे चटके. माझे गुडघे त्या उतारावर जे बोलायला लागले ते अजून गप्प बसलेले नाहीत.

सापांचं विचाराल तर रॅटलस्नेक दिसले. आपण थांबलो की तो जातो, नाही गेला तर आपण वळसा घालायचा. विषय संपला.

खरा विषय पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, एवढं पाठ झालं की वाळवंटाचं निम्मं गणित कळतं. उरलेलं निम्मं मी चुकून शिकले.

सिझर्स क्रॉसिंगपासून बॅरल स्प्रिंग्जपर्यंत साधारण ३८ किलोमीटर नैसर्गिक पाणी नाही. मध्ये एका फाटकाजवळ स्वयंसेवक पिण्याच्या पाण्याचे कॅन आणून ठेवतात, पण त्यांच्या भरवशावर निघू नका असं प्रत्येक जाणता माणूस सांगतो. मी सहा लिटर घेऊन निघाले. सुरुवातीलाच चढ. तासाभरात सॅकचे पट्टे खांद्यात रुतले, श्वास लागला, आणि मी एक बाटली उघडून अख्खी एका झुडपाच्या मुळाशी ओतली. आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी चोरी केल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. पुढचा अर्धा तास मात्र काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

दुपारी एका दगडाखाली पंचाएवढी सावली मिळाली. ती सरकेल तशी मीही सरकत राहिले. फाटकापाशी पोचले तेव्हा कॅन रिकामे होते. दोष कुणाचाच नाही, मला सांगून ठेवलेलंच होतं. हाताशी अर्धा लिटर आणि पुढे सोळा किलोमीटर. तहान लागल्यावर विहीर खणायचीही सोय नव्हती. उन्हं उतरेपर्यंत बसून राहिले, मग अंधारात निघाले. दर तासाला एक घोट, तोही तोंडात घोळवून. सकाळी ओतलेला तो लिटर माझ्यासोबत चालत होता. तो कोणत्या वळणावर प्यायले असते, किती घोटांत, सगळं ठरवून झालं.

रात्री दहानंतर झरा सापडला. पाणी गाळूनच प्यायचं असतं, आणि माझा फिल्टर धुळीने चोंदलेला. ठिपक, ठिपक. टॉर्चच्या उजेडात बाटलीच्या तळाशी साचणारं ते बोटभर पाणी मी ज्या एकाग्रतेने बघत होते, तितकं आयुष्यात काही पाहिलं असेल असं वाटत नाही. (नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. घामावाटे मीठ जातं, ते भरून न काढता पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरून माणूस आडवा होतो. खारे शेंगदाणे मला त्या रात्रीपासून औषधासारखे वाटतात.)

पुढे अँटिलोप व्हॅलीत तर थट्टाच होती. ओवेन्स खोऱ्यातलं पाणी लॉस एंजेलिसला नेणारा जलमार्ग १९१३ मध्ये सुरू झाला, त्यापायी तिकडचं ओवेन्स तळं कोरडं पडलं. इथे पायवाट त्या जलमार्गालाच धरून जाते, कधी जाडजूड पोलादी नळाशेजारून, कधी काँक्रीटच्या झाकणावरून. पायाखाली अख्ख्या शहराचं पाणी आणि खांद्यावर मोजून घेतलेलं आपलं. तिथे उन्हामुळे बरेच जण रात्री चालतात, मीही चालले. जोशुआची झाडं हात वर करून उभी, वारा सुटलेला. एकदा गुडघे टेकून काँक्रीटला कान लावला. खालून गुणगुण आली. पाण्याची की माझ्याच कानातली, कोण जाणे.

तर, का? कारण तिथे दिवसभर डोक्यात एकच प्रश्न असतो: पुढचं पाणी किती लांब? फोनवर कुणी काय लिहिलं, कोण काय म्हणालं, यांचा नंबरच लागत नाही. त्या रिकाम्या डोक्यात मग बाकीचं शिरतं. पावसाचे चार थेंब पडल्यावर क्रिओसोटच्या झुडपाला येणारा उग्र, डांबरासारखा वास. पहाटे दगडाचा थंडपणा. पाण्याच्या चवी: एक लोखंडाची, एक शेवाळाची, एक कसलीच नाही. बर्फाळ शिखरांवर हे मिळत नसेल असं नाही, पण तिथे बघायला इतकं असतं की आपण बघतच राहतो.

केनेडी मेडोजच्या अलीकडे वाट साउथ फोर्क कर्न नदीला येऊन मिळते. कितीतरी दिवसांनी दिसलेली खरी, वाहती, आवाज करणारी नदी. केनेडी मेडोजचं दुकान तिथून तासा-दीड तासावर. सोबतचे दोघं बूट काढून पाण्यात शिरले. मी काठावर बसून एकेक करत सहाही बाटल्या भरल्या, झाकणं घट्ट केली आणि सॅकमध्ये ठेवल्या. "आता कशाला?" ते हसून म्हणाले. मी सॅक उचलली. सहा किलो.