फायरमनच्या घरात भीती असते का?

"तुमचे बाबा फायर ब्रिगेडमध्ये होते ना? मग घरात सतत भीती वाटत असेल!" बाबा गेल्यापासून हे जास्तच विचारलं जातं. भेटायला येणारे विचारतात, ऑफिसात विचारतात, परवा मुलाच्या शाळेतल्या बाईंनीही विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हो, वाटायची. आणि ती वाटलीच पाहिजे हे आम्हाला बाबांनीच शिकवलं.

आमचं क्वार्टर मुंबईतल्या एका फायर स्टेशनच्या आवारातच होतं. घंटा झाली की खिडकीतून गाडी बाहेर पडताना दिसायची. रात्रीची घंटा असेल तर आई नुसती कूस बदलायची, पण गाडी परत आल्याचं कळेपर्यंत तिला झोप लागायची नाही. परत आल्यावरही बाबा लगेच वर येत नसत. पाइप धुवायचे, उंच टांगून वाळत घालायचे, ओले गुंडाळले तर कुजतात. टाकी पुन्हा भरून गाडी पुढच्या कॉलसाठी तयार ठेवायची. मग ते वर येत. कपड्यांना धुराचा वास, कानामागे काजळी. आई एकच विचारायची, "वाढू का?" बाबा "वाढ" म्हणाले की सगळं ठीक. "थांब जरा" म्हणाले की आम्ही भावंडं रेडिओ बंद करायचो. आत काय पाहिलं, कोणाला बाहेर काढता आलं नाही, हे त्यांनी जेवणाच्या पाटावर कधी आणलं नाही.

दिवाळीत फटाक्यांमुळे कॉल वाढतात, तेव्हा रजा कुठली? पाडव्याला आई तबक घेऊन खाली उतरायची आणि गाडीशेजारी उभं करून बाबांना ओवाळायची. कधी ओवाळणं अर्ध्यावर राहायचं. मग निरांजन तसंच हातात धरून ती गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत थांबायची. आज ते आठवलं की आईचीही ती ड्यूटीच होती असं वाटतं.

तर भीतीचं. "ज्याला भीती वाटत नाही त्याच्याबरोबर मी जिना चढणार नाही," असं बाबा म्हणायचे. आणि ती कशाची वाटावी हे त्यांनी नेमकं शिकवलं होतं. माणसं जळण्याआधी धुराने गुदमरतात, म्हणून धुरात उभं राहायचं नाही, जमिनीलगत रांगत बाहेर पडायचं. बंद दाराला आधी हाताची मागची बाजू लावून बघायची, दार तापलेलं असेल तर उघडायचं नाही. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी कधीच नाही, गॅस बंद करून वर झाकण. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, ना चालू करायला ना बंद करायला. खिडक्या-दारं उघडायची, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खालीच साचून राहतो. बाकीच्यांच्या घरी शुभंकरोतीनंतर पाढे व्हायचे, आमच्याकडे हेही व्हायचं.

१४ एप्रिलला बाबांचा दिवस मोठा असे. सकाळी भायखळ्याला शहीद जवानांना मानवंदना, संध्याकाळी आम्हाला घेऊन बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक. १९४४ साली त्याच तारखेला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली आणि स्फोट झाले. आग विझवायला गेलेले दलाचे ६६ जण त्यात गेले. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि कापसाच्या गासड्याही. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरला, हे सांगताना बाबांचा आवाज दरवेळी चढायचा. त्यांच्या जन्माआधीची गोष्ट, पण घरातली माणसं गेल्यासारखा राग.

निवृत्तीनंतर घर बदललं, बाबा बदलले नाहीत. नातवाच्या बारशाला पाळण्याची दोरी त्यांनी स्वतः बांधली. गाठ मारली, ओढून पाहिली, सोडली, पुन्हा मारली. बायका पाळणा म्हणायला जमलेल्या, आत्या घाई करतेय, आणि बाबांनी पाळण्यात आधी तांदळाची पिशवी ठेवली, मग स्वतः दोरीला लोंबकळले. "आता आणा त्याला." बाळाला झोका देताना त्यांचा एक हात सबंध वेळ दोरीवर होता.

९ मे २०१५ला काळबादेवीच्या गोकुळ निवासात आग लागली, इमारत कोसळली. दलाचे चार अधिकारी गेले: संजय राणे, महेंद्र देसाई, आणि पुढे उपचार चालू असताना सुधीर अमीन आणि प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर. बाबा टीव्हीसमोरून उठले नाहीत. आईने "वाढू का?" विचारलं, त्यांनी नको म्हणून मान हलवली. जुन्या इमारतीतलं लाकूड आतून जळत जातं आणि बाहेरून कळत नाही, एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी सोसायटीचा जिना मनावर घेतला. चपलांची कपाटं, सायकली, जुन्या गाद्या, सगळ्याविरुद्ध अर्ज. अग्निसुरक्षेच्या २००६च्या कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो, तो दिला का, हे सेक्रेटरींना न चुकता विचारायचे. लोक कंटाळायचे. मला मात्र त्यांचा अभिमानच वाटायचा. गच्चीच्या दाराला कुलूप दिसलं की त्यांना जेवण जायचं नाही. खाली आग लागली आणि माणसं वर धावली तर जाणार कुठे? शेवटी कुलूप निघालं, साधी कडी आली.

मागच्या महिन्यात कोणीतरी पुन्हा कुलूप लावलं. मी अर्ज दिला आहे. येत्या सभेत विषय घेतला नाही तर वॉर्डाच्या फायर ऑफिसला पत्र जाणार आहे.