पदराचं टोक दातात

आज उपकेंद्रात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होती, ३० च्या वरच्या बायकांची. शेवटी एक मावशी आल्या, दोन वर्षं अंगावरून पांढरं जातंय, घरात कुणाला बोलल्याच नाहीत, सगळं अंगावर काढलं. टेबलावर झोपल्या तर पदराचं टोक दातात घट्ट धरलेलं, मी म्हटलं मावशी श्वास सोडा, पाय ढिले सोडा, आणि स्पेक्युलम, म्हणजे आतलं बघायचं स्टीलचं साधन, आधी कोमट पाण्यात धरलं, गार स्टील लागलं की बाई अजूनच आखडते ना. ५ टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं पाणी, पिशवीच्या तोंडाला लावून एक मिनिट थांबायचं, पांढरा चट्टा उठतो का बघायचं, एवढंच असतं हो! चट्टा नव्हता, इन्फेक्शन होतं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, नवऱ्यालाही. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, पोरी, पुढच्या वेळी जावेला घेऊन येते, तिलाही होतंय.