वाळूजमधील युनिटसाठी कंत्राटी सीएनसी प्रोग्रॅमर नेमताना: माझा अनुभव

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत आमचे जॉब वर्कचे छोटे युनिट आहे. दोन सीएनसी (संगणकीय आज्ञांवर चालणारी) टर्निंग सेंटर आणि दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग यंत्रे) एवढीच यंत्रसामग्री असून काम मुख्यतः वाहनांच्या सुट्या भागांचे चालते. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना येथे सुरू झाल्यानंतर त्याच्या आधाराने या पट्ट्यात अशी अनेक युनिटे उभी राहिली, त्यांतलेच आमचे एक. ड्रिलिंग, टॅपिंग, फेसिंग, साधे कंटूर असे प्रोग्रॅम आमचे ज्येष्ठ सेटर (मशीनवर टूल आणि भाग बसवून देणारे), ज्यांना सगळे काका म्हणतात, ते ड्रॉइंग समोर ठेवून थेट पॅनलवर टाइप करतात आणि त्यांच्या हातचा प्रोग्रॅम सहसा पहिल्या पीसलाच बरोबर निघतो.

एका ग्राहकाने डाय कास्टिंगच्या अॅल्युमिनियम हाउसिंगची चौकशी पाठवली, तेव्हा मात्र हाताने प्रोग्रॅम लिहिणे पुरेसे ठरणार नव्हते. त्या भागात समोरासमोर दोन ३५ मिमीची एच७ (व्यासाला अगदी थोडी मुभा असलेली) छिद्रे होती, तिरक्या कोनातले एक तेलछिद्र होते आणि सीलसाठी वक्र पृष्ठभागावरून फिरणारी खाच होती. एका व्हीएमसीवर चौथ्या अक्षाचे रोटरी टेबल आम्ही बसवून घेतले होते, परंतु त्याचा खरा उपयोग करायचा तर कॅम सॉफ्टवेअर (संगणकावरच्या मॉडेलवरून मशीनचा प्रोग्रॅम बनवणारे) आणि ते चालवणारा माणूस हवा. पूर्णवेळ प्रोग्रॅमर ठेवावा इतके नवे जॉब आमच्याकडे दर महिन्याला येत नाहीत आणि सॉफ्टवेअरचा परवाना घेऊन तो पडून ठेवणे परवडत नाही. म्हणून कंत्राटावर प्रोग्रॅमर घ्यायचे ठरवले.

शोध कुठून सुरू करावा हा प्रश्न आपल्याकडे फारसा अवघड नाही. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममधून शिकून बाहेर पडलेली मंडळी शहरात जागोजागी आहेत. मशीन विकणाऱ्यांच्या अॅप्लिकेशन इंजिनिअरना कोण काय काम करतो हे ठाऊक असते आणि शेजारच्या युनिटचे मालक विचारले तर मोकळेपणाने सांगतात. नावे भरपूर मिळाली. निवड कशी करायची, हे मात्र मला स्वतःला ठरवावे लागले.

एक गृहस्थ एका मोठ्या कंपनीत नोकरीला होते आणि रात्री घरून प्रोग्रॅम करून देण्यास तयार होते. काम उत्तम असावे, पण सॉफ्टवेअरचा परवाना त्यांच्या कंपनीचा होता आणि नोकरीच्या अटींत बाहेरचे काम बसत नव्हते. आमच्या ग्राहकाचे ड्रॉइंग अशा संगणकावर जाणे मला मान्य नव्हते, म्हणून मी नम्रपणे नकार दिला. दुसऱ्या एकाने पुण्याहून तासाच्या दराने काम करण्याचा प्रस्ताव दिला. तासाचा दर मला या कामात पटत नाही, कारण प्रोग्रॅम संगणकावर किती वेळात झाला याच्याशी आमच्या मशीनवर चांगला पीस किती लवकर निघाला याचा काहीही संबंध नसतो.

उरलेल्या उमेदवारांना मी एक चाचणी दिली आणि तिचे पैसेही दिले. फुकट नमुना प्रोग्रॅम करून घेण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ आहे, ती मला अन्यायाची वाटते. चाचणीसाठी आमच्याकडे नियमित चालणाऱ्या एका जुन्या भागाचे ड्रॉइंग निवडले, म्हणजे त्याचा सायकल टाइम आणि त्यातली अवघड जागा आम्हाला आधीच ठाऊक होती. मागितले ते प्रोग्रॅम, टूल लिस्ट आणि कोणता फेस आधी घ्यायचा त्याचा क्रम. एकाच्या प्रोग्रॅममध्ये ६ मिमीच्या एंडमिलला १२००० आरपीएम लिहिले होते. पुस्तकी हिशेबाने ते चूक नाही, कारण अॅल्युमिनियमला ३०० मीटर प्रतिमिनिट वेग धरला तर ६ मिमीच्या कटरला जवळपास १६००० आरपीएम लागतात. पण आमच्या स्पिंडलची कमाल मर्यादा ८००० आहे, म्हणजे त्या कटरला प्रत्यक्षात १५० मीटरच्या आसपासच वेग मिळणार आणि फीडही त्याच प्रमाणात बसवावा लागणार. मशीनची मर्यादा न विचारता आकडा लिहिणारा माणूस पुढे आणखी काय काय गृहीत धरील, याची मला काळजी वाटली.

ज्यांची निवड केली त्या बाई सिडको भागात स्वतःच्या परवानाधारक सॉफ्टवेअरवर काम करतात. ड्रॉइंग हाती पडल्यावर त्यांनी प्रोग्रॅम करण्याआधी प्रश्नांची यादीच पाठवली. कंट्रोल (प्रोग्रॅम वाचून मशीन चालवणारा संगणक) कोणता आणि त्याची मेमरी किती, मॅगझिनमध्ये किती टूल बसतात, फिक्स्चरचे क्लॅम्प कुठे आहेत आणि त्यांची उंची किती, कास्टिंगमध्ये मशीनिंग अलाउन्स (कापून काढायचा जादा थर) किती कमी-जास्त होतो, रोटरी टेबल लॉक आणि अनलॉक करण्याचे एम कोड (मशीनच्या जोडकामांच्या आज्ञा) कोणते. शेवटचा प्रश्न वाचून काकांनी मान डोलावली, कारण हे कोड प्रत्येक मशीन बनवणारा आपापले ठेवतो आणि ते मशीनच्या पुस्तिकेतूनच पाहावे लागतात.

कराराचा मसुदा करताना सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. आम्ही विकत काय घेत आहोत, हे तिथे ठरते. केवळ जी कोडची (मशीनला थेट दिल्या जाणाऱ्या आज्ञांची) फाइल घेतली तर ग्राहकाने उद्या एक छिद्र दोन मिलिमीटरने सरकवले तरी पुन्हा त्याच व्यक्तीच्या दारात उभे राहावे लागते. म्हणून करारात कॅमची मूळ फाइल, सेटअप शीट (भाग आणि टूल कसे लावायचे त्याचा कागद), टूल लिस्ट आणि आमच्या मशीनसाठी जुळवलेला पोस्ट प्रोसेसर (कॅममधला टूलचा मार्ग मशीनच्या कोडमध्ये बदलणारा) हे सर्व आम्हाला मिळेल असे लिहिले. वकिलांनी यात एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृतीत धरली जाणारी रचना आहे. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीच्या कामात केलेल्या रचनेचा मालक सामान्यतः नोकरी देणारा असतो, पण कंत्राटी व्यक्तीच्या बाबतीत तो हक्क मुळात त्या व्यक्तीकडेच राहतो आणि लेखी, सहीनिशी हस्तांतरण झाल्याशिवाय तो आपल्याकडे येत नाही. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षे धरतो. त्यामुळे हक्काचे हस्तांतरण आणि त्याची मुदत, दोन्ही स्पष्ट शब्दांत घातले.

आमच्या स्पर्धकांचे काम त्यांनी घेऊ नये, अशी अट घालण्याचा सल्ला एका स्नेह्याने दिला होता. कंत्राट संपल्यावर कोणाचा धंदा अडवणारी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नुसार टिकत नाही, आणि टिकली असती तरी मी ती घातली नसती, कारण कंत्राटी माणसाचे पोट अनेक कामांवरच चालते. त्याऐवजी गोपनीयतेची अट कडक ठेवली. ग्राहकाचे मॉडेल त्यांना देण्यापूर्वी ग्राहकाची लेखी परवानगी घेतली, आणि काम संपल्यावर ड्रॉइंगची प्रत त्यांच्या संगणकावर राहणार नाही असे ठरले.

नुकसानीचे कलम सर्वांत नाजूक होते. प्रोग्रॅम चुकून मशीन ठोकली तर स्पिंडलच्या दुरुस्तीचा खर्च प्रोग्रॅमरच्या संपूर्ण मोबदल्याच्या कित्येक पट होऊ शकतो आणि तो त्यांच्या माथी मारणे व्यवहार्यही नाही, न्यायाचेही नाही. त्यांची जबाबदारी मोबदल्याच्या रकमेपर्यंत मर्यादित केली आणि उरलेल्या जोखमीसाठी मशीनचा बिघाड विमा घेतला. ऑफसेट (टूलच्या किंवा भागाच्या जागेचे पॅनलवर भरायचे माप) चुकीचा घातला गेला तर दोष आमचा. प्रोग्रॅममधली हालचाल चुकली तर दोष त्यांचा. हे ठरवता यावे म्हणून प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळींत भाग क्रमांक, ड्रॉइंगची आवृत्ती आणि तारीख लिहायची आणि पॅनलवर केलेला प्रत्येक बदल नोंदवहीत उतरवायचा, असा नियम केला.

मोबदला एकरकमी ठरला. सेटअप शीट आणि सिम्युलेशन मिळाल्यावर निम्मा, पहिला पीस सीएमएमवर (मापे तपासण्याच्या यंत्रावर) पास झाल्यावर उरलेला. ड्रॉइंग बदलल्यास वेगळे बिल, त्यांची चूक निघाल्यास दुरुस्ती विनामूल्य. टीडीएस तांत्रिक सेवेचा २ टक्के धरायचा की व्यावसायिक सेवेचा १० टक्के, हे करसल्लागाराकडून आधीच निश्चित करून घेतले. त्यांची उद्यम नोंदणी असल्याने ४५ दिवसांच्या आत पैसे देणे कायद्याने बंधनकारक होते, आम्ही त्यापेक्षा बरेच आधी दिले.

ट्रायलला त्या स्वतः मशीनवर हजर राहिल्या, ही अट मी पुढेही कधी सोडणार नाही. जी५४ चा (भागाच्या शून्य बिंदूचा) झेड १०० मिमी वर उचलून, रॅपिड (न कापता होणारी जलद हालचाल) २५ टक्क्यांवर आणून, सिंगल ब्लॉकवर (एकेका ओळीला थांबत) प्रोग्रॅम हवेत फिरवायला घेतला. पहिली ओळ जी१७ जी४० जी४९ जी८० जी९०, म्हणजे आधीच्या प्रोग्रॅममधली कटरच्या त्रिज्येची व टूलच्या लांबीची भरपाई आणि ड्रिलिंगसारखे चक्र रद्द होते. प्रत्येक टूलला जी४३ (टूलच्या लांबीची भरपाई) सोबतचा एच क्रमांक टूलच्याच क्रमांकाशी जुळतो का, हे काका पॅनलवर बोट ठेवून वाचत होते. रोटरीची पहिली हालचाल आली आणि टेबल ९० अंश उलट्या दिशेने फिरले. संगणकावरचे सिम्युलेशन निर्दोष होते, कारण ते कॅमच्या आतला टूलपाथ दाखवत होते आणि पोस्ट प्रोसेसरमधून निघालेला कोड त्यात तपासला जात नव्हता. काकांनी ए अक्षाचे (रोटरीच्या अक्षाचे) चिन्ह पॅनलवरच बदलायला हात पुढे केला.

"काका, इथं बदललं तर हा जॉब निघेल, पण पुढच्या जॉबला तीच अडचण परत येईल. पोस्टमध्येच दुरुस्त करून देते," त्या म्हणाल्या.

"मग ताई, सगळा प्रोग्रॅम पुन्हा हवेत फिरवावा लागंल."

"फिरवू या."

आणि तो खरोखर पहिल्या ओळीपासून पुन्हा फिरवला गेला. त्या क्षणी माझी निवड योग्य असल्याची मला खात्री पटली.

समोरासमोरच्या छिद्रांचा प्रश्न त्यांनी प्रोग्रॅमचा शून्य बिंदू रोटरीच्या केंद्रावर ठेवून सोडवला. हे केंद्र ०.०२ मिमीने जरी चुकीचे धरले, तरी टेबल १८० अंश फिरल्यावर दोन छिद्रांच्या अक्षांत ०.०४ मिमीचा फरक पडतो, म्हणून डायल लावून केंद्र काळजीपूर्वक काढले. छिद्राचा व्यास मात्र प्रोग्रॅमवर अवलंबून नसतो, तो सेटरने बोअरिंग हेडवर लावायचा असतो. ही विभागणी सेटअप शीटमध्ये लिहिलेली असल्यामुळे पुढे वाद उरला नाही. आपल्याकडचा उन्हाळा इथे आडवा येतो. मे महिन्यात शेडमध्ये जॉब (मशीनवरचा भाग) ४० अंशांवर असतो आणि सीएमएमची खोली २० अंशांवर. अॅल्युमिनियमचे ३५ मिमीचे छिद्र तेवढ्या फरकाने साधारण ०.०१६ मिमी आकसते आणि एच७ मध्ये एकूण मुभा ०.०२५ मिमीचीच असते. म्हणून गरम जॉबवर माप वरच्या बाजूला धरायचे आणि अंतिम माप जॉब खोलीत स्थिरावल्यावरच घ्यायचे, असे काकांनी आणि त्यांनी मिळून ठरवले.

पहिला पीस खाचेच्या खोलीतल्या किरकोळ दुरुस्तीनंतर पास झाला आणि लॉट सुरू झाला. पुढच्या जॉबसाठी त्यांच्याशीच नवा करार केला आहे. त्यात दोन गोष्टी वाढवल्या. प्रत्येक आवृत्तीची कॅम फाइल त्याच दिवशी आमच्याकडे जमा होईल, आणि ट्रायलच्या वेळी आमचा एक तरुण ऑपरेटर त्यांच्याजवळ उभा राहून काम शिकेल. दुसऱ्या अटीसाठी त्यांनी वेगळे पैसे मागितले, आणि मी ते मान्य केले.