दोनशे पेशी मोजल्या ती संध्याकाळ

जुलैचा पाऊस चार दिवस थांबला नव्हता. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या लॅबमध्ये लागले, त्याला तीन महिने झाले होते. संध्याकाळी कागलकडचा एक शेतकरी रक्त देऊन गेला. महिनाभर खोकला आणि अंगाला खाज. आमचं मशीन थ्री-पार्ट, म्हणजे पांढऱ्या पेशींचे तीनच गट करणारं. ते न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट सांगतं, पण मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल यांची मोट बांधून 'मिड' म्हणून एकच आकडा देतं. तो आला 18 टक्के. एकूण पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे 9,200. म्हणजे कुठली पेशी किती, हा काउंट स्लाइडवर बघूनच करायचा.

स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर, ओढायला मी तोवर शिकले होते. पण पावसाळ्यात स्लाइड लवकर वाळत नाही. ओल राहिली की लाल पेशींवर चकाकणारे ठिपके उठतात आणि नजर त्यातच अडकते. म्हणून पंख्याखाली धरून ती लगेच वाळवली. मग लीशमन स्टेन, म्हणजे पेशी रंगवायचा रंग. 1901 पासून चालत आलेला हा रंग अजूनही आमच्याकडे रोजचा आहे. त्यात मिथाइल अल्कोहोल असल्यामुळे पेशी फिक्स, म्हणजे काचेवर पक्क्या, करायचं वेगळं काम उरत नाही. दोन मिनिटं नुसता स्टेन, मग त्यावर दुप्पट बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, मग दहा मिनिटं थांबायचं. बफर 6.8 पीएचचाच हवा. एकदा बफर संपला म्हणून मी नळाचं पाणी वापरलं होतं. सगळी स्लाइड निळसर पडली आणि इओसिनोफिलचे नारिंगी दाणे ओळखू येईनात. धुताना आधी स्टेन ओतून टाकायचा नाही, वरून पाणी सोडून वाहवायचा. नाहीतर वर तरंगणारी चकचकीत साय स्लाइडवरच बसते आणि तिचे कण प्लेटलेट वाटतात.

तेल टाकलं, शंभरची लेन्स लावली आणि मोजायला बसले. न्यूट्रोफिल 46, लिम्फोसाइट 41, इओसिनोफिल 9, मोनोसाइट 4. शंभर पूर्ण. रिपोर्ट लिहायला घेणार, तेवढ्यात आमचे सीनियर टेक्निशियन काका म्हणाले, "थांब जरा, मला बघू दे." त्यांनी त्याच स्लाइडवर शंभर मोजल्या. न्यूट्रोफिल 55, लिम्फोसाइट 26, इओसिनोफिल 14, मोनोसाइट 5.

माझ्या पोटात गोळा आला. कोण कुठली पेशी, हे मी चुकले असेन असं वाटलं. काकांनी स्लाइड दिव्यासमोर धरली. "पेशी बरोबर ओळखल्यास गं. पण मधनंच मोजलीस न्हवं? काठावर गेलीसच न्हाईस." रक्त ओढताना मोठ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट, स्मिअरच्या काठांकडे आणि शेपटीकडे, म्हणजे पातळ टोकाकडे, सरकतात. छोटे लिम्फोसाइट मध्ये राहतात. मी मधल्या पट्ट्यात सरळ चालत गेले होते, आणि माझे लिम्फोसाइट 41 झाले होते.

ते मोजायची वाट त्यांनी कागदावर काढून दाखवली: काठाला तीन फील्ड (लेन्समधून एका वेळी दिसणारी जागा म्हणजे एक फील्ड), आत दोन, आडवी दोन, परत काठाकडे दोन. पन्हाळ्याच्या तटावरच्या चर्या, म्हणजे दातेरी कड, दिसते ना, तशी रेघ. जागा निवडायची ती लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथली, शेपटीच्या जरा अलीकडे.

आणि शंभर नाही, दोनशे मोजायच्या. शंभरातल्या दहा पेशी एका जातीच्या निघाल्या, तर खरा आकडा 5 ते 18 टक्क्यांत कुठेही असू शकतो. दोनशे मोजल्या की तो पट्टा साधारण 6 ते 15 वर येतो. हे पुस्तकात वाचलं होतं, पण 9 आणि 14 शेजारी शेजारी लिहिलेले बघितले तेव्हा ते पटलं.

परत बसले. या वेळी घाई केली नाही. मला सगळ्यात जास्त अडायचं ते मोठा लिम्फोसाइट आणि मोनोसाइट यांच्यात. मोठा लिम्फोसाइट आकाशी असतो आणि शेजारच्या लाल पेशी टेकल्या की त्याची कड आत दबते. मोनोसाइटचा रंग राखाडी-निळा, मळकट काचेसारखा, केंद्रक घडी पडलेलं आणि विरळ विणीचं. बऱ्याचदा पोटात एक-दोन पोकळ्या. इओसिनोफिल मात्र लगेच ओळखू येतो. चष्म्याच्या दोन काचांसारखं केंद्रक, आणि बाकी सगळी जागा सारख्या आकाराच्या गोल नारिंगी दाण्यांनी गच्च भरलेली. या दाण्यांनी इओसिन हा रंग धरला, त्यावरूनच पॉल एर्लिख यांनी पेशीला ते नाव दिलं.

दोनशेत न्यूट्रोफिल 112, लिम्फोसाइट 51, इओसिनोफिल 27, मोनोसाइट 9. इओसिनोफिल साडेतेरा टक्के, म्हणजे मायक्रोलिटरमागे साधारण 1,240. पाचशेच्या वर गेले की ते वाढलेले धरतात. खोकला, खाज आणि शेतातलं काम, हे तिन्ही बघणाऱ्या डॉक्टरांना हा आकडा हवाच होता. माझ्या पहिल्या मोजणीचा रिपोर्ट गेला असता, तर त्यांचं लक्ष आधी त्या 41 कडे गेलं असतं.

बेरीज 199 होती. एक पेशी राहिली होती, ती एकशे त्र्याहत्तरावी. तिथे मी काउंटरचं बटण न दाबता थांबले होते, कारण केंद्रक दिसतच नव्हतं. जाडजूड, काळपट जांभळ्या दाण्यांखाली ते पार झाकून गेलं होतं. मी काकांना हाक मारली. त्यांनी वाकून बघितलं, फोकस जरासा हलवला आणि म्हणाले, "बेसोफिल. लिही एक."