23 किलोंच्या दोन बॅगा

पुढच्या आठवड्यात जर्मनीला राहायला जायचे असल्याने आज दिवसभर वजनकाटा आणि 23 किलोंच्या दोन बॅगा यांच्याशी झटापट चालली होती. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ सोबत आणता येत नाहीत, त्यामुळे आईने कढवलेल्या साजूक तुपाची बरणी पहिल्याच फेरीत बाहेर आली. आईने काही न बोलता तिचे झाकण पुन्हा घट्ट लावले आणि ती फडताळात ठेवून दिली. मिक्सर तिथल्या 230 व्होल्टवर चालला असता, पण ते धूड नेण्यापेक्षा आजीचा पितळी मिसळणाचा डबा, ज्यातल्या मोहरीच्या वाटीला पोचा आला आहे, मी स्वेटरमध्ये गुंडाळून घेतला. पुस्तके चारच घेतली, हे बाबांना अजूनही पटलेले नाही. काटा आता 23.4 दाखवतो आहे.