कळ आधी कोणाच्या हाती पडते : दिवाळी अंकांच्या सूचीची प्रगती

घरातील दिवाळी अंकांची सूची ठेवणारा माझा छोटा प्रोग्रॅम सी भाषेत, कोणतेही फ्रेमवर्क न घेता, थेट विन३२वर, म्हणजे विंडोजच्या मूळ फंक्शनांवर, लिहिलेला आहे. मागील नोंदीच्या वेळी यादीची मुख्य खिडकी चालू झाली होती. त्यानंतरचा जवळजवळ सगळा वेळ नवीन अंक नोंदवण्याच्या एका डायलॉगवर, म्हणजे माहिती भरण्याच्या छोट्या खिडकीवर किंवा फॉर्मवर, गेला, आणि त्याला कारण एकच होते : माउसला हात न लावता अंक पहिल्या रकान्यापासून जतन होईपर्यंत नोंदवता आला पाहिजे, असे मी ठरवले होते. हा प्रोग्रॅम माझ्याखेरीज एकच व्यक्ती वापरते, ती म्हणजे माझी आत्या. तिची नोकरीची बरीच वर्षे हिशेबाच्या डॉस प्रोग्रॅमांवर गेली असल्यामुळे तिचे हात कळफलकावरून सहसा उठत नाहीत, आणि उठावे लागले की ती लगेच बोलून दाखवते.

सुरुवातीला हा फॉर्म डायलॉगबॉक्स या फंक्शनने उघडला जात असे. तो उघडा असेपर्यंत मागची यादी वापरता येत नाही, आणि आत्याला तर नवा अंक लिहिताना जुना चाळून पाहायचा असतो. म्हणून मी तो क्रिएट-डायलॉगने उघडू लागलो. फॉर्म दिसायला पूर्वीसारखाच होता, पण टॅब दाबला तरी कर्सर जागचा हलेना, एस्केपने फॉर्म मिटेना आणि बाणांच्या कळांनी अंकाची अवस्था बदलेना. टॅबने पुढे जाणे हा रकान्यांचा अंगचा गुण आहे, असे मी इतकी वर्षे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ते काम इज-डायलॉग-मेसेज हे फंक्शन करते. डायलॉगबॉक्स स्वतःचा मेसेज लूप (कळ दाबल्याचे व इतर संदेश एकेक करून उचलून योग्य खिडकीकडे देणारी फेरी) चालवते आणि त्यात ते आपसूक बोलावले जाते. क्रिएट-डायलॉग केवळ खिडकी तयार करून मोकळे होते, आणि पुढचे आपल्या मुख्य लूपने पाहायचे असते. लूपमध्ये एक ओळ वाढवताच टॅब चालू झाला.

मात्र त्या लूपमध्ये ट्रान्सलेट-ॲक्सिलरेटर आधीपासूनच होते. कोणत्या कळेने कोणती आज्ञा द्यायची, याच्या सारणीप्रमाणे कळांचे आज्ञांत रूपांतर करणारे हे फंक्शन, आणि या दोघांपैकी पहिला मान कोणाचा, या प्रश्नाने माझे दोन रविवार घेतले.

प्रथम मी ॲक्सिलरेटरला पुढे ठेवले. मुख्य खिडकीच्या सारणीत डिलीट ही कळ ‘निवडलेला अंक काढून टाका’ या आज्ञेला जोडलेली होती. यादीत फोकस असताना, म्हणजे दाबलेल्या कळा यादीकडे जात असताना, ते सोयीचेच आहे. संध्याकाळी आत्याने फॉर्ममध्ये किंमत लिहिली, एक शून्य जास्त पडले म्हणून ते खोडायला डिलीट दाबले, आणि समोर प्रश्न आला : हा अंक सूचीतून काढायचा का?

‘‘अरे, मी एक शून्य खोडायला गेले, तर हा अख्खा अंकच काढायला निघालाय,’’ असे ती म्हणाली, आणि तिचे बरोबर होते. ट्रान्सलेट-ॲक्सिलरेटर फोकस कोणत्या रकान्यात आहे हे पाहत नाही. सारणीतली कळ दिसली की ते मुख्य खिडकीला डब्ल्यूएम_कमांड हा आज्ञेचा संदेश पाठवते आणि तो संदेश तिथेच संपवते, त्यामुळे रकान्याला ती कळ दाबली गेल्याचे कळतसुद्धा नाही. गंमत अशी की, शिफ्ट धरून डिलीट दाबले तर निवडलेला मजकूर ठरल्याप्रमाणे कापला जात होता, कारण सारणीतल्या नोंदीत शिफ्ट नव्हते आणि ट्रान्सलेट-ॲक्सिलरेटर शिफ्ट, कंट्रोल व ऑल्ट यांची स्थिती तंतोतंत जुळल्याखेरीज कळ उचलत नाही. कापण्यासाठी शिफ्ट-डिलीट आणि चिकटवण्यासाठी शिफ्ट-इन्सर्ट हा आयबीएमच्या १९८७च्या कॉमन यूजर ॲक्सेस या संकेतांच्या काळातला वारसा आहे, आणि आत्या आजही तोच वापरते.

तिरक्या रेघेचेही असेच झाले. ती कळ मी शोधाच्या रकान्यात उडी मारण्यासाठी ठेवली होती. परिणामी खरेदीची तारीख लिहिताना दिवसाच्या आकड्यानंतर रेघ दाबली की कर्सर थेट शोधात जाऊन पडत असे.

मग मी क्रम उलटा केला आणि इज-डायलॉग-मेसेजला पुढे आणले. डिलीट सुधारले, तारीखही नीट लिहिता येऊ लागली, पण आता फॉर्ममध्ये असताना कंट्रोल-एस निपचित पडले. याचे कारण माहितीपुस्तिकेत आहे, पण ते मी लक्ष देऊन वाचले नव्हते : संदेश डायलॉगच्या किंवा त्याच्या एखाद्या रकान्याच्या नावाचा असेल, तर इज-डायलॉग-मेसेज त्याचे भाषांतर आणि वाटप दोन्ही स्वतःच करते आणि ‘काम झाले’ असे सांगते. टॅब किंवा एंटर नसलेल्या साध्या कळांनाही हे लागू आहे. त्यामुळे रांगेत मागे उभ्या असलेल्या ॲक्सिलरेटरपर्यंत फॉर्ममधली कोणतीच कळ पोहोचत नाही.

शेवटी क्रम बदलत बसण्याऐवजी मी सारण्याच दोन केल्या. आता लूप आधी पाहतो की संदेश फॉर्मच्या हद्दीतला आहे का. असल्यास फॉर्मची छोटी सारणी लावली जाते, ज्यात जतन करण्यासाठी कंट्रोल-एस, पुढच्या अंकासाठी कंट्रोल-एन आणि मागील नोंदीतला संपादक उतरवून घेण्यासाठी एफ२ एवढेच आहे. तिथे काही जुळले नाही तरच तो संदेश इज-डायलॉग-मेसेजकडे जातो. फॉर्मबाहेरच्या संदेशांना मुख्य सारणी लागते. डिलीट मी दोन्ही सारण्यांतून काढून टाकले आणि यादीच्या खिडकीकडून येणाऱ्या कळ दाबल्याच्या सूचनेत हाताळले, कारण ज्या कळेला मजकुरात स्वतःचा अर्थ आहे, ती एकटी सारणीत ठेवणे मला आता पटत नाही. शोधासाठी सरळ कंट्रोल-एफ ठेवले.

एंटरचा प्रश्न याहून नाजूक होता. शेऱ्याचा रकाना अनेक ओळींचा आहे. तो तयार करताना ईएस_वाँटरिटर्न ही खूण मी विसरलो होतो, म्हणून पहिली ओळ लिहून एंटर दाबताच अर्धवट नोंद जतन होत असे. खूण लावल्यावर एंटर रकान्यातच राहू लागला. याच्या मुळाशी डब्ल्यूएम_गेटडीएलजीकोड हा संदेश आहे : कळ आली की इज-डायलॉग-मेसेज रकान्याला विचारते, ‘ही तुला हवी आहे का?’ आणि रकान्याच्या उत्तरावर पुढचे ठरते. मी स्वतः बनवलेल्या वर्ष निवडण्याच्या रकान्यात या प्रश्नाला आधी ‘सगळ्याच कळा हव्यात’ असे उत्तर दिले होते, आणि त्या रकान्यात शिरलेला फोकस टॅब दाबूनही बाहेर येईना. प्रश्नासोबत मूळ संदेशही हाती येतो, तो तपासून फक्त वर-खाली बाणांसाठी होकार दिल्यावर टॅब सुटला.

आत्याची अपेक्षा मात्र वेगळीच होती. टॅलीसारख्या प्रोग्रॅमांत एंटर दाबले की पुढच्या रकान्यात जाता येते, आणि तिची बोटे त्याच सवयीची आहेत. विंडोजच्या रीतीप्रमाणे एंटर म्हणजे ठळक कडेचे मुख्य बटण. मी आधी नकार दिला, कारण एका फॉर्मपुरती रीत मोडली की इतर प्रोग्रॅम वापरताना माणूस चुकतो, असे माझे मत होते आणि आहे. तरीही हा प्रोग्रॅम जगासाठी नाही, म्हणून एक पर्याय ठेवला : तो चालू असेल तर आयडीओके हा मुख्य बटणाचा क्रमांक घेऊन आलेल्या आज्ञेच्या वेळी फोकस ‘जतन करा’ या बटणावर आहे का ते पाहिले जाते, आणि नसेल तर जतन न करता फोकस पुढे सरकवला जातो.

फोकस सरकवण्यातही एक फसगत झाली. सूचीत १९०९च्या आधीचे वर्ष मी नाकारतो, कारण ‘मनोरंजन’ मासिकाचा त्या वर्षीचा अंक हा मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो. चुकीचे वर्ष आढळल्यास कर्सर वर्षाच्या रकान्यात परत न्यायचा असतो, आणि त्यासाठी मी सेट-फोकस वापरले होते. कर्सर जाई, पण ठळक कड मात्र आधी ज्या बटणावर होती तिथेच राही; म्हणजे वर्ष दुरुस्त करून एंटर दाबले की कधीकधी ‘रद्द करा’ हे बटण दाबले जाई. डायलॉगच्या आत फोकस हलवायचा तर डायलॉगलाच डब्ल्यूएम_नेक्स्टडीएलजीसीटीएल पाठवावा लागतो. त्यामुळे ठळक कडही योग्य बटणावर परतते आणि रकान्यातला मजकूर आपोआप निवडला जातो, त्यामुळे जुने वर्ष न खोडता थेट नवे लिहिता येते.

रेडिओ बटणांबद्दल थोडक्यात सांगतो. ‘चांगली, मध्यम, जीर्ण’ या तिघांभोवती काढलेल्या चौकटीचा गटाशी काहीही संबंध नाही. ती केवळ शोभा आहे. गट ठरतो डब्ल्यूएस_ग्रुप या खुणेने, जी पहिल्या बटणावर आणि गट संपल्यानंतरच्या पहिल्या कंट्रोलवर लागते. दुसरी खूण माझ्याकडून राहिली होती, म्हणून खाली बाण दाबत गेल्यास ‘जीर्ण’नंतर फोकस पुढच्या बटणांवर भटकत असे.

आता या टप्प्यातला मला सर्वांत आवडलेला भाग, म्हणजे मराठी नावांतली अधोरेखित अक्षरे. इंग्रजी फॉर्ममध्ये नावातल्या एका अक्षराआधी अँपरसँड लिहिला की ते अधोरेखित होते आणि ऑल्टसोबत ते दाबल्यास लगतच्या रकान्यात जाता येते. मी हौसेने ‘नाव’, ‘संपादक’, ‘वर्ष’, ‘किंमत’, ‘शेरा’ या सगळ्यांच्या पहिल्या अक्षराआधी ते चिन्ह लावले. रेघा दिसल्याच नाहीत. विंडोज २०००पासून ऑल्ट दाबेपर्यंत त्या लपवलेल्या असतात, म्हणून फॉर्म उघडतानाच डब्ल्यूएम_चेंजयूआयस्टेट पाठवून त्या दाखवल्या. दिसल्यावर लक्षात आले की ‘सूची’सारख्या शब्दात ती रेघ ऊकाराला चिकटते, आणि ‘किंमत’मध्ये चिन्ह ‘क’च्या आधी असले तरी वाचताना डोळ्याला आधी वेलांटी लागते.

खरी अडचण मात्र कळा दाबल्यावर आली. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक चालू असेल तर ‘न’ इंग्रजी व्हीच्या कळेवर, ‘स’ एमच्या आणि ‘व’ बीच्या कळेवर आहे, आणि तिथे त्या रेघा काम करत होत्या. ‘शेरा’साठी मात्र ऑल्टसोबत शिफ्टही धरावी लागे, कारण ‘श’ त्याच एमच्या कळेवर वरच्या बाजूला आहे. कळफलक इंग्रजीवर नेला की सगळे बंद पडे. मग जपानी प्रोग्रॅमांत पाहिलेली युक्ती केली : मराठी नाव आणि त्याच्या शेवटी कंसात अधोरेखित लॅटिन अक्षर. ती इंग्रजीत चालली आणि इनस्क्रिप्टमध्ये बंद पडली. जपानीत ती चालते, कारण तिथला कळफलक मुळात लॅटिन अक्षरेच देतो आणि त्यांचे रूपांतर वरचा थर करतो. इनस्क्रिप्टमध्ये ती कळ स्वतःच देवनागरी अक्षर देते. इंग्रजी एसच्या कळेवर मात्रा आहे, आणि इज-डायलॉग-मेसेज कळेची जागा न पाहता तिच्यातून निघालेले अक्षर पाहते.

ॲक्सिलरेटर सारणीत मात्र एफव्हर्टकी ही खूण लावली की अक्षराऐवजी कळेचा सांकेतिक क्रमांक पाहिला जातो, आणि एसच्या कळेचा क्रमांक इनस्क्रिप्टमध्येही एसचाच राहतो. मराठी टाइप करत असताना कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही विनातक्रार चालतात, ते याच कारणाने. उलट माझी जुनी तिरकी रेघ अक्षर म्हणून नोंदवलेली होती, आणि इनस्क्रिप्टमध्ये त्या कळेवर ‘य’ असल्यामुळे यादीतही ती कधीकधी का चालत नव्हती, याचा उलगडा मला तेव्हा झाला. म्हणून फॉर्मच्या सारणीत मी ऑल्टसह सहा कळा वाढवल्या. त्यांची आज्ञा आली की डब्ल्यूएम_नेक्स्टडीएलजीसीटीएलने ठरलेल्या रकान्यात फोकस जातो. कंसातले अधोरेखित अक्षर आता केवळ वाचणाऱ्यासाठी आहे. ऑल्ट-स्पेस आणि ऑल्ट-एफ४ यांना हात लावलेला नाही.

नावाचे लेबल आणि त्याचा रकाना यांचा क्रम मात्र तरीही सांभाळावा लागतो. किंमतीचा रकाना मी उशिरा वाढवला आणि डायलॉगची मांडणी लिहिलेल्या रिसोर्स फाइलमध्ये तो शेवटी गेला, तर लेबल वर राहिले. पडद्यावर दोघे शेजारी दिसत होते, पण एनव्हीडीए हे पडदा-वाचक लावून पाहिले तेव्हा ते तारखेच्या रकान्याला ‘किंमत’ म्हणत होते. फाइलमधली ओळ उचलून लेबलच्या लगेच खाली ठेवल्यावर वाचन सुधारले आणि टॅबचा क्रमही.

सध्या अनुक्रमणिकेसाठी फॉर्ममध्ये दुसरे पान जोडत आहे. ते पान म्हणजे डायलॉगच्या आतला डायलॉग आहे, आणि त्यातल्या रकान्यात असताना टॅब दाबताच प्रोग्रॅम गोठला. आतल्या पानाला डब्ल्यूएस_ईएक्स_कंट्रोलपेरंट ही खूण नसल्यामुळे पुढचा रकाना शोधणारी फेरी त्या पानात शिरतच नव्हती. ज्या रकान्यापासून ती निघाली, तो तिला पुन्हा भेटत नव्हता, आणि ती फिरतच राहत होती. खूण लावून ते सुटले आहे. आता दोन पानांमध्ये जाण्यासाठी कंट्रोल-टॅब बसवायचा आहे, आणि तो शेऱ्याच्या रकान्यात टॅबचे चिन्ह घालण्यासाठी आधीच राखीव असल्यामुळे फॉर्मच्या सारणीत टाकण्यापूर्वी आत्याला विचारणार आहे की, शेऱ्यात ती टॅब कधी वापरते का.